बादल्या घेऊन चालणारे शेजारी

मेलकावेरीत हे गृहस्थ आमच्यापासून दोन घरं पलीकडे राहतात. आम्हा तंजावरी मराठी लोकांत लग्न निघालं की जेवणाच्या हॉलमध्ये टेबलं लावायचं काम त्यांच्याकडे जातं, म्हणजे ते स्वतःच घेतात. वाढप्यांना वाट पुरते का ते बघायला दोन्ही हातांत सांबाराच्या रिकाम्या बादल्या धरून ते रांगांमधून चालतात. बादली टेबलाला टेकली की म्हणतात, "हालवा." बोलणं एवढंच. पानावर उशिरा येणाऱ्याला मात्र ते सगळ्यांदेखत झापतात, मग तो व्याही का असेना.

माझ्या मुलीच्या रिसेप्शनला अण्णाचं, माझ्या भावाचं, पान वर खोलीतच पाठवायचं ठरलं होतं. अपघातानंतर तो व्हीलचेअरवर असतो आणि चारचौघांत जेवत नाही. दुपारी तो पलंगावर पडला असताना शेजारी आले आणि त्याची खुर्ची घेऊन गेले. मी मागोमाग खाली गेले. बादल्या बाजूला ठेवून ते रिकामी खुर्ची रांगांमधून ढकलत होते. खुर्ची वळणावर अडली. त्यांनी एक अख्खं टेबल बाहेर काढायला लावलं. हॉलचा मॅनेजर तमिळमध्ये कुरकुरला, पण त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

संध्याकाळी खुर्ची परत आली आणि सोबत अण्णाला निरोप, तुझं पान खाली मांडलंय. अण्णा बराच वेळ नको म्हणाला, मग लिफ्टने खाली आला. पंगत बसली होती.

"इतका उशीर कां रे?" ते सगळ्यांदेखत ओरडले. "पान सुकतंय येथे!"

अपघातानंतर अण्णावर कोणीच ओरडलं नव्हतं. तो हसला आणि पानावर पाणी शिंपडू लागला.