वरची घडी

आमच्या डॉक्टरसाहेबांना कुणी 'अरब डॉक्टर' म्हटलं की त्यांचा पारा चढायचा. निजामाच्या राज्यात अरब म्हणजे कमरेला जंबिया लावून सावकाराच्या दारात बसणारा पहारेकरी, एवढंच आमच्याकडे लोकांना ठाऊक. डॉक्टर तपासता तपासता थांबायचे आणि रोग्याला समजावायचे, "अरब नक्को बोलो. लेबनान बोलो. हमारे पहाड़ पे बरफ गिरता." पोट धरून बसलेल्या माणसाला बर्फाचं काय कौतुक असणार. तो "हाव साहेब" म्हणायचा आणि बाहेर जाऊन बायकोला सांगायचा की अरब डॉक्टर लय चांगला हाय.

ते बैरूतला शिकलेले सर्जन. हैदराबादेत एका नवाबाच्या घरचे डॉक्टर म्हणून आले, वर्षभरात त्याच्याशी भांडले आणि पूर्णेला आले. तिथे एका शेठजींनी स्टेशनापलीकडे नवा दवाखाना बांधला होता. बायकांच्या वॉर्डासाठी शेठजींना घरंदाज बाई हवी होती. मी विसाव्या वर्षी विधवा झालेली, घरीच लिहायला-वाचायला शिकलेली, कचेरीत कारकून असलेल्या भावाच्या घरी राहणारी. भावाने हो म्हटलं, कारण शेठजींना नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. मला तर त्या स्वयंपाकघरातून बाहेर पडायला कुठलंही निमित्त चाललं असतं.

मला शस्त्रक्रियेच्या खोलीतलं काम शिकवायचं हे डॉक्टरांनी मला न विचारताच ठरवून टाकलं. आधी बादलीच्या कडीला एका हाताने गाठी मारायला लावल्या, महिनाभर. मग एके दिवशी परातीत बकऱ्याचं आतडं आणून माझ्यासमोर ठेवलं आणि शिव म्हणाले. मी ब्राह्मणाघरची, पदर नाकाला लावून दाराशी उभी राहिले. "बाई, आज ये बकरा है. कल आदमी होएंगा. तब बी उधरइच खड़े रहना?" मी पुढे झाले. घरी येऊन दोनदा अंघोळ केली आणि भावाला कारण सांगितलं नाही. तिसऱ्या आतड्याला एकदाच केली.

शिकवताना त्यांचा देश मधे मधे यायचाच. जगाला अक्षरं त्यांच्या पूर्वजांनी दिली, समुद्रावर लांबवर जहाजं त्यांनी नेली, राजांच्या अंगावरचा जांभळा रंगही त्यांचाच. एकदा माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "अक्षरं तुमची, मग तुमची चिठ्ठी कंपाउंडरला का लागत नाही?" तीन दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. चौथ्या दिवसापासून चिठ्ठी जरा वाचण्याजोगी यायला लागली.

शेठजींच्या मुलीच्या लग्नात मांडे होते. हातावर फिरवून कापडासारखा पातळ केलेला मांडा उपड्या खापरावर टाकताना डॉक्टरांनी पाहिला आणि ते आचाऱ्याजवळच बसले. त्यांची आई अशीच पातळ रोटी करते म्हणाले, फक्त खापराऐवजी उपडा लोखंडी तवा असतो. मग त्यांनी आतलं पुरण बाजूला काढून नुसता पापुद्रा मीठ लावून खाल्ला. आचारी दिवसभर रुसून होता. मला मात्र डॉक्टरांची कीव आली, कारण जगभर लढाई सुरू होती आणि दोन वर्षांत त्यांना आईचं पत्र नव्हतं.

लढाईमुळे गॉजही मिळत नव्हतं. शस्त्रक्रियेत रक्त टिपायला वापरलेल्या गॉजच्या घड्या आम्ही धुवायचो, उकळायचो, वाळवायचो आणि पुन्हा वापरायचो. दहा-दहा घड्यांचा गठ्ठा दोऱ्याने बांधून वाफेच्या डब्यात ठेवायचा. किती गठ्ठे सोडले ते लक्षात ठेवायचं, आणि शेवटी रक्ताने भिजलेल्या घड्या बादलीतून काढून मोजायच्या. आकडा जुळला तरच डॉक्टर पोट शिवायला घेत.

गठ्ठे बांधायचं काम माझं होतं, आणि मी प्रत्येकात अकरा घड्या बांधत होते. आमच्याकडे चांगल्या कामाला कुणी दहा किंवा वीस असं देत नाही, वर एक ठेवतातच. ओटी असो, आहेर असो, शून्यावर थांबायचं नाही. इथे तर माणूस मरणाच्या दारात पडलेला, त्याला नुसते दहा द्यायला माझं मन घेईना. गठ्ठा सोडला की वरची घडी मी ट्रेच्या कोपऱ्यात ठेवायची आणि दहाच हिशेबात धरायची. डॉक्टरांना हे कधी सांगितलं नाही. त्यांना सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलंच नव्हतं.

एका सकाळी चुडाव्याहून एक शेतकरी बायकोला गाडीत घालून घेऊन आला. बाई तिशीची, पोटात नारळाएवढा गोळा. आत नेताना तो माझ्यामागे मागे आला. "बाई, वाचंल ना ही? घरी दोन लेकरं हायती." मी म्हटलं, "वाचंल." असं सांगणारी मी कोण होते, पण सांगितलं.

गोळा निघाला आणि रक्त थांबेना. डॉक्टर हात पुढे करत होते, मी घड्या देत होते. कधी मी द्यायच्या आत त्यांचाच हात ट्रेवर यायचा. तीन गठ्ठे संपले. अखेर रक्त थांबलं. मी बादलीतल्या घड्या जमिनीवर मांडून मोजल्या आणि सांगितलं, "तीस." डॉक्टरांनी शिवायला घेतलं.

मी ट्रे आवरायला वळले. कोपऱ्यात वरच्या घड्या दोनच होत्या. गठ्ठे तीन, म्हणजे तीन हव्या होत्या. मी टेबलाखाली पाहिलं, चादरीच्या मुडपीत पाहिलं, बादली उपडी केली. कुठेच नव्हती.

बाईच्या डोक्याशी बसून क्लोरोफॉर्म देणाऱ्या कंपाउंडरला माझी ही सवय माहीत होती. त्याने ट्रेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "तीस भरले ना बाई? मग गप ऱ्हावा. पुन्हा पोट उघडलं तर हिला झेपायचं न्हाई." त्यात अगदीच खोटं काही नव्हतं. पण मी गप्प राहिले ती त्या बाईच्या काळजीने नव्हे. नोकरी जाईल आणि पुन्हा भावाच्या चुलीपुढे जाऊन बसावं लागेल, एवढंच मला दिसत होतं. चार टाके पडेपर्यंत मी गप्प होते. हे मी आजवर कुणापाशी बोललेली नाही.

पाचवा टाका घालायच्या आधी मी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एक घडी आत आहे."

"तू तीस बोली."

"एकतीस वापरल्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टाके कापले आणि पुन्हा हात आत घातला. मधेच कंपाउंडर म्हणाला, नाडी लागत नाही. डॉक्टर शोधतच राहिले. आतड्याच्या मागे ती घडी सापडली, रक्ताने भिजून लिंबाएवढी झालेली. नाडी पुन्हा लागली, पण फार बारीक.

बाईला वॉर्डात नेल्यावर हात धुताना त्यांनी विचारलं, एकतीस कशा? शुभ म्हणून वर एक ठेवायची, ते सगळं मी सांगितलं. सांगताना मलाच ते खुळ्यासारखं वाटत होतं. त्यांनी हात पुसले. मग म्हणाले, "मेरी माँ बी एक रोटी ज्यादा करती. रस्ते से कोई आया तो." मला वाटलं, सुटले. तेवढ्यात ते म्हणाले, "रोटी में देना. पेट में नक्को." ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

मग मला घेऊन ते बाहेर त्या शेतकऱ्याकडे गेले. त्यांची बोली त्याला नीट कळत नव्हती, म्हणून मी मराठीत सांगायचं. "बोल, डॉक्टर की गलती हुई. कपड़ा अंदर रहा, फिर खोलना पड़ा." मी सांगितलं, "पोटात कापड राहिलं होतं, पुन्हा उघडून काढावं लागलं. चूक डॉक्टरांची नाही, माझी आहे." एवढं मराठी डॉक्टरांना कळत होतं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. शेतकऱ्याने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "चूक कुणाची बी असंना. ती जगायलीय का मरायलीय तेवढं सांगा."

सहा दिवस बाईला ताप होता. मी तिच्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवायची आणि तिचा नवरा खाटेच्या पायाशी बसून मला पाहायचा. सातव्या दिवशी ताप उतरला आणि ती म्हणाली, "बाई, भाकर खावी वाटायलीय." मी सामानाच्या खोलीत जाऊन पोटभर रडले. दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात गेलेच नाही. भावाला बरंच वाटलं, मी भाकऱ्या चांगल्या करते.

चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टर आमच्या दारात उभे. भावाची तारांबळ उडाली. खुर्ची द्यावी का, चहा कोणत्या पेल्यात द्यावा, त्याला काही सुचेना. डॉक्टर ओसरीच्या पायरीवरच बसले आणि म्हणाले, अंतर्गळाचा एक माणूस शस्त्रक्रियेसाठी रात्रीपासून उपाशी बसला आहे, गिनती कोण करणार?

मी आतून म्हटलं, "कंपाउंडर करेल."

"उसकू मालूम था. चुप बैठा."

मीही चार टाके गप्प होते, असं माझ्या अगदी ओठावर आलं. सांगायचं धैर्य झालं नाही. ते टाके त्यांनीच कापले होते, तेव्हा मी किती वेळ गप्प होते ते त्यांनीही मोजलं असणार, हे मला फार वर्षांनी सुचलं. ते सगळं जाणून माझ्या दारात आले होते. त्या सकाळी मी फक्त पदर खोचला आणि भावाकडे न पाहता त्यांच्यामागून निघाले.

गठ्ठे मी नव्याने बांधले, दहाचेच. काम आटोपत आलं तेव्हा डॉक्टरांनी सुईत दोरा ओवला आणि हात वर धरून उभे राहिले. दोन गठ्ठे सोडले होते. मी घड्या मांडून मोजल्या. वीस. विश्वास बसेना, म्हणून पुन्हा मोजल्या. मग ट्रे पाहिला, बादली पाहिली, टेबलाखाली वाकून पाहिलं. कंपाउंडर दोनदा खाकरला. डॉक्टर हलले नाहीत, घाई कर म्हणाले नाहीत. घरात, सासरी, माहेरी, माझ्या बोलण्यासाठी तोवर कुणी हातातलं काम थांबवलं नव्हतं.

मी तिसऱ्यांदा मोजलं आणि म्हणाले, "शिवा." मग त्यांनी पहिला टाका घातला.