फोनपुरतं घर

आमच्या खोलीत माझ्या वरच्या कॉटवर जी झोपते, तिला सगळ्या जणी घडीवाली म्हणतात. ती एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत काम करते. गरम चादर यंत्रातून बाहेर आली की एक टोक समोरचीने धरायचं, एक हिने, आणि बघता बघता तिची घडी. आठ-नऊ तास हेच. घरी आल्यावरही तिचे हात थांबत नाहीत. माझा टॉवेल, पावाची रिकामी पिशवी, शिळं वर्तमानपत्र, जे दिसेल त्याची घडी. मी बेकरीत पहाटपाळीला जाते, म्हणून दुपारी झोपते. माझा डोळा लागतो न लागतो तोच ही पांघरुणाचं टोक सरळ करायला येते. एकदा मी वैतागून म्हटलं, "बाई, आता माझीच घडी घाल आणि ठेव कपाटात."

"कपाट कुठाय?" ती म्हणाली.

खरंच नव्हतं. सहा बायका, तीन दुमजली कॉट, मधे एक दोरी, दोरीवर सगळ्यांचे ओले कपडे. बॅगा कॉटखाली. आम्ही सगळ्या आपापलं गाव सोडून पोट भरायला आलेल्या. घडीवालीचा नवरा मुलगी लहान असतानाच गेला. मुलीला धाकट्या बहिणीकडे ठेवून ही इकडे आली, तेव्हा पोरगी झोपेत होती. मुद्दामच झोपेत असताना निघाली. त्याचं तिला अजून वाईट वाटतं, आणि वाटणारच.

मधे तिच्या छातीत धडधडायला लागलं. पाय थंड पडायचे, जेवण जायचं नाही. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही. ते म्हणाले, "रविवारी दुपारी आमच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर जात जा." तिथे आमच्यासारख्या बाहेरून आलेल्या बायका जमतात. एक निवृत्त नर्सबाई तो गट चालवतात. एकटीने जायला ही घाबरली म्हणून मला ओढून नेलं. मला असल्या ठिकाणांचा भारी कंटाळा. चार बायका गोल करून बसणार आणि रडणार, त्यापेक्षा मी झोपेन. पण तिथे कुणी रडायची सक्ती करत नव्हतं. चहा असायचा. बोलावंसं वाटलं तर बोला, नाहीतर मटार सोला. पुढच्या रविवारी ओढून न नेताही मी गेले.

त्या हॉलमध्ये एक कोपरा होता. गटातल्याच बायकांनी तो हळूहळू सजवला होता. कुणाच्या मालकिणीने टाकायला काढलेला सोफा, कुणी शिवलेला पिवळा पडदा, एक दिवा, दोन कुंड्या. घरी व्हिडिओ कॉल करायचा तर त्या कोपऱ्यात बसून करायचा. म्हणजे घरच्यांना दोरीवरचे परकर दिसायला नकोत, त्यांचा जीव थाऱ्यावर राहावा. एकीचा फोन चालू असला की बाकीच्यांनी गप्प बसायचं, मागून जायचं नाही. नर्सबाईंचा नियम एकच होता. हे माझं घर आहे असं म्हणायचं नाही. बघणाऱ्याला जे वाटेल ते वाटू दे, पण आपण तोंडाने खोटं बोलायचं नाही.

"म्हणजे खोटं बोलायचं काम सोफ्याने करायचं," असं गटातली सलूनवाली म्हणायची. ती दुसऱ्यांचे केस कापते आणि सगळ्यांची जीभही.

घडीवालीला तो कोपरा फार आवडला. बसण्यापूर्वी ती पडद्याच्या चुण्या नीट करायची. पोरगी फोनवर यायची, शाळेतलं सांगायची, दात दाखवायची. ही स्क्रीनवर बोट ठेवून तिचा भांग सरळ करायची. धडधड कमी झाली. जेवायला लागली. मग माणूस सुखात जरा जास्तच मोकळं होतं, तसं एका रविवारी हिने फोन हातात घेऊन पोरीला सगळा हॉल दाखवला. खिडकी दाखवली, चहाची जागा दाखवली. शेजारी एक लहान खोली होती. कुणाला चक्कर आली तर आडवं व्हायला तिथे कॉट टाकलेली असे, वर स्वच्छ चादर.

"आई, ही खोली कुणाची?"

"कुणाची नाही. रिकामीच असते."

नियमाप्रमाणे अगदी खरं उत्तर दिलं बिचारीने.

पुढच्या रविवारी पोरगी फोनवर आली नाही. बहीण म्हणाली, अभ्यास करतेय. त्याच्या पुढच्या रविवारी खेळायला गेली होती. मग पोट दुखत होतं. घडीवालीचं तोंड एवढंसं झालं. कोपऱ्यात बसून ती बहिणीशी भाजीपाल्याचं बोलायची आणि डोळे बहिणीच्या मागच्या दाराकडे. धडधड परत सुरू झाली. लाँड्रीत घड्या वाकड्या पडू लागल्या, मुकादमबाई ओरडली. खोलीत आली की वर चढून पडून राहायची. माझ्या पांघरुणाचं टोक कुणी ओढेना, आणि खरं सांगते, मला त्याची चुटपुट लागली.

शेवटी एका संध्याकाळी खोलीत ती बहिणीशी साध्या फोनवर बोलत होती, तेव्हा मीच तिच्या हातातून फोन घेतला आणि बहिणीला म्हटलं, "बाई, काय ते एकदाचं सांगून टाका. इथे हिचा जीव टांगणीला लागलाय."

बहिणीने आधी तिकडचं दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "ताईला सांगायचं नाही, अशी पोरीने शपथ घातलीये. ती म्हणते, आईकडे एक अख्खी खोली रिकामी आहे. कॉटसुद्धा आहे. तरी आई मला नेत नाही."

घडीवाली शेजारीच होती. तिने ऐकलं. हातातली उशी तिने छातीशी घट्ट धरली आणि खाली बसली.

रविवारी तिने गटात पहिल्यांदाच तोंड उघडलं. सगळं सांगितलं. मटार सोलणाऱ्यांचे हात थांबले. कोपरा गटातल्या बायकांनीच मिळून सजवलेला, त्यामुळे जी ती सोफ्याकडे बघायला लागली. सलूनवालीला गावी दोन मुलगे. ती उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. नर्सबाई म्हणाल्या, "तुझी राहायची जागा दाखव तिला."

"कशी दाखवू? ती जागा बघून ती रात्री झोपेल का? माझी बहीण काय म्हणेल?"

"आत्ता तरी झोपते का ती?"

घडीवालीने मटारांचं ताट पुढे ओढून घेतलं. येताना बसमध्ये मात्र म्हणाली, "मला वाटायचं, तिने काळजी करू नये. तिला वाटलं, मला तिची काळजीच नाही. एवढी आठवण येते गं मला तिची. हात धुताना येते, चादर धरताना येते. आणि ती तिकडे हे धरून बसलीये."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने खोलीतून फोन लावला. दोरीवरचे कपडे मी काढायला लागले तर म्हणाली, "राहू दे." बहिणीने पोरीला हाताला धरून आणलं असावं. पोरगी फुरंगटून बसली होती, मान खाली.

"मी राहते ती जागा बघतेस?"

"बघितलीये."

"ती नव्हे. ती आमच्या बैठकीची जागा. तिथे मी फक्त फोन करायला बसते. मी इथे राहते."

पोरीने मान वर केली. मी फोन धरून हळूहळू फिरवला. दोरी, बॅगा, एक शेगडी, दोन कॉटमधून अंग चोरून जायची वाट. खालच्या कॉटवर मी झोपते हेही सांगितलं. पोरगी डोळे बारीक करून बघत होती, कुणी पुन्हा फसवतंय का ते पाहिल्यासारखी.

"तुझी कॉट कुठली?"

घडीवाली शिडीने वर चढली. वर नीट बसता येत नाही, डोकं छताला लागतं. ते लागलंच.

"आडवी हो," पोरगी म्हणाली.

ती आडवी झाली. मी खालच्या कॉटच्या कडेवर उभी राहून फोन वर धरला. माय छताकडे तोंड करून पडलेली, आणि लेक तिचं माप घेतेय. मी मनात म्हटलं, आता रडणार पोरगी.

"आई, भिंतीकडे सरक."

ती सरकली.

"अजून."

तिने भिंतीला पाठ लावली. पोट आत घेतलं. कॉटवर वीतभर, फार तर दीड वीत जागा मोकळी झाली. पोरीने तोंड स्क्रीनच्या अगदी जवळ आणलं.

"बघ," ती म्हणाली, "मावते की मी."

त्या मोकळ्या जागेवर घडीवालीने हात ठेवला आणि तशीच पडून राहिली. फोन मी धरून ठेवला, हात भरून आला तरी.

आता पोरगी रोज फोनवर येते. तिला इकडे बोलावता येईल तेव्हा ती येईल. ते कधी, हे आम्हा कुणालाच ठाऊक नाही. पण घडीवाली तेव्हापासून भिंतीला चिकटूनच झोपते. वरच्या फळीवर एकाच बाजूला भार पडतो, खालून मला सगळं दिसतं.