मामांचं एक अक्षर

गिरगावच्या चौपाटीपासून लालबागच्या नाक्यापर्यंत जेवढे म्हणून रागीट लोक राहतात, त्या सगळ्यांचा राग एका परातीत कालवला तरी माझ्या बायकोच्या मामांच्या वाटीभर रागाची सर त्याला यायची नाही. नात्याने ते माझे मामेसासरे. लग्नाला बारा वर्षं झाली. एवढ्या काळात ते गप्प बसलेले मी एकदाच पाहिले, दाढदुखीने त्यांचं तोंड उघडत नव्हतं तेव्हा. आणि तेव्हाही दवाखान्याच्या पाटीवरच्या ‘दंतचिकीत्सा’ ह्या शब्दाकडे बोट दाखवून ते हुंकार भरतच होते. आता हे मी प्रेमाने लिहितोय की नाही, असा संशय बायकोला येईल म्हणून आधीच सांगून ठेवतो, प्रेमानेच लिहितोय. पण राग मलाही आहे, आणि तो मी बारा वर्षं नाटकांच्या मध्यंतरात गिळत आलो आहे.

मामांनी गिरगावातल्या एका छापखान्यात चाळीस वर्षं प्रुफं वाचली. छापखाना बंद पडला, अक्षरांचे खिळे भंगारात गेले, मालकाच्या मुलाने तिथे मोबाइलचं दुकान काढलं, पण मामांची लाल पेन्सिल काही निवृत्त झाली नाही. आमच्या लग्नपत्रिकेत ‘आशिर्वाद’ असं छापून आलं होतं. मामांनी त्यावर लाल खुणा करून पत्रिका परत पाठवली, सोबत एका ओळीची चिठ्ठी: ‘शी दीर्घ झाल्याशिवाय मी येणार नाही.’ सासूबाई रडायला लागल्या. शेवटी माझ्या वडिलांनी, ज्यांचा ह्या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता, रात्रभर बसून उरलेल्या सगळ्या पत्रिकांवरच्या वेलांट्या पेनाने सुधारल्या. मामा आले, पोटभर जेवले, आणि ‘जिलबी’ की ‘जिलेबी’ यावरून आचाऱ्याशी भांडून घरी गेले.

त्यांच्या इमारतीत तर त्यांच्या पेन्सिलीची दहशतच आहे. एकदा जिन्याखालच्या फळ्यावर सेक्रेटरीने लिहिलं, ‘उद्या पाणि येणार नाही’. मामांना ती र्‍हस्व ‘णि’ सहन होईना. त्यांनी अख्खी ओळ पुसली आणि आपल्या सुरेख अक्षरात पुन्हा लिहायला घेतली. ‘उद्या पाणी येणार’ एवढं झालं आणि खडू तुटला. दुसरा खडू मागायला ते सेक्रेटरीकडे गेले, तिथे व्याकरणावरून जुंपली, आणि ते तणतणत थेट घरी येऊन झोपले. दुसऱ्या दिवशी चार मजल्यांवर कुणाच्याही घरात थेंबभर पाणी भरलेलं नव्हतं. बायका कळश्या घेऊन मामांच्या दारात उभ्या राहिल्या. मामा आतून ओरडले, “शुद्ध तरी होतं ना!”

पण हा सगळा किरकोळ राग. मामांचा खरा, जातिवंत राग राखून ठेवलेला असतो तो कादंबरीवरून केलेल्या नाटकांसाठी. “कादंबरीचं नाटक करणं म्हणजे दुसऱ्याच्या मुलीला बघून, नाक जरा छाटलं तर बरी दिसेल, असं म्हणणं,” असं त्यांचं मत आहे. मग अशी नाटकं बघू नयेत की नाही? पण ते एकही सोडत नाहीत. मूळ कादंबरी ब्राउन पेपरचं कव्हर घालून सोबत आणतात. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची धरतात, कारण तिथून भांडायला उठायला बरं पडतं. आणि मध्यंतर झालं की वड्याच्या रांगेत उभं राहून गुन्ह्यांची यादी वाचतात. “एकशे बेचाळीस पानावरची आत्या कुठे आहे? गिळली? जिवंत बाई गिळली?” असं ते एकदा ज्यांना विचारत होते, ते गृहस्थ बिचारे पार्किंगवाले होते. दुसऱ्या एका गृहस्थांनी भीत भीत, “मला तरी नाटक आवडलं बुवा,” असं म्हटलं. मामांनी विचारलं, “कादंबरी वाचलीत?” ते म्हणाले, “नाही.” मामा म्हणाले, “मग तुम्हाला आवडण्याचा अधिकार नाही. वडा खा.”

हेही एक वेळ चाललं असतं. माझा खरा राग पुढच्या सवयीवर होता. नाटकाचा शेवटचा प्रवेश सुरू झाला की मामा उठायचे. “शेवट मला ठाऊक आहे, यांनी बिघडवलेला मला बघायचा नाही,” असं सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे आणि चालू लागायचे. त्यांना अंधारात पायऱ्या दिसत नाहीत, म्हणून हात धरायला मला उठावं लागायचं. गेल्या वर्षापर्यंत, लग्न झाल्यापासून मी एकाही नाटकाचा शेवट पाहिलेला नव्हता. कोण मेलं, कुणाचं लग्न झालं, खुनी कोण निघाला, मला काही म्हणजे काही माहीत नसायचं. ऑफिसात नाटकाचा विषय निघाला की मी चहा आणायला जायचो.

आणखी एक सवय होती, तिचं मात्र हसू यायचं नाही. मामा कुणाच्याही घरून निघताना ‘येतो’ म्हणायचे नाहीत. आपल्याकडे तान्हं पोरही दुसऱ्याच्या कडेवर बसून जाताना ‘येतो’ म्हणायला शिकतं. चुकून कुणी ‘जातो’ म्हणालं तर घरची म्हातारी ‘येतो म्हण मेल्या’ म्हणून अंगावर धावते. मामा चपला घालायचे, छत्री उचलायचे आणि चालायला लागायचे. मला तो शुद्ध उद्धटपणा वाटायचा. ही म्हणायची, “मामाचं तसंच आहे, तुम्ही मनावर घेऊ नका.” मी मनावर घेत असे.

गेल्या वर्षी एका सकाळी मामांचा फोन आला. ते काय बोलत होते ते कळेना, नुसता संताप ऐकू येत होता. पाचव्या मिनिटाला उलगडा झाला. एका जुन्या कादंबरीचं नाटक येत होतं, आणि ती कादंबरी म्हणजे मामांनी स्वतः प्रुफं वाचलेली, त्यांच्या छापखान्यात छापलेली. घोडपदेवच्या चाळीतली, मूळ मालवणातून आलेल्या कुटुंबाची गोष्ट. लेखक परळच्या गिरणीत कामाला होता, आता हयात नाही. त्याने ही एकच कादंबरी लिहिली, पण तिचं शेवटचं वाक्य महाराष्ट्रभर गाजलं. आईशी कडाडून भांडलेला मुलगा घर सोडून निघतो आणि उंबरठ्यावर म्हणतो, ‘आये, येतंय.’ म्हणजे मालवणीत ‘आई, येतो.’ बस्स, कादंबरी संपली. कॉलेजात आम्हाला ह्या दोन शब्दांवर दहा गुणांचा प्रश्न असायचा.

“कुणी एक पोरगी बसवतेय,” मामा ओरडत होते. “दिवसा बँकेत असते! जावईबापू, रविवार दुपारची तीन तिकिटं काढा. मी तिला सोडणार नाही.”

दादरच्या नाट्यगृहात आम्ही तिघं बसलो. मामांच्या मांडीवर ते कव्हर घातलेलं पुस्तक होतं. मध्यंतरात ते रांगेत आले नाहीत, खुर्चीतच बसून राहिले. मी वडा नेऊन दिला तर म्हणाले, “नको. बरं करतायत.” त्यांच्या तोंडून हे शब्द ऐकून ही घाबरली आणि तिने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

शेवटचा प्रवेश सुरू झाला. मी सवयीने पिशवी उचलून उभा राहिलो. मामांनी माझा शर्ट ओढून मला खाली बसवलं. “बसा, जावईबापू.” रंगमंचावर आई पाठमोरी भांडी घासत होती. मुलाने ट्रंक उचलली, उंबरठ्यापाशी थांबला आणि म्हणाला, “आये, जातंय.”

“येतंय!” मामा उभे राहून ओरडले. “येतंय! पुस्तकात येतंय आहे!”

सगळं सभागृह वळलं. कुणीतरी “खाली बसा हो!” म्हणालं, मागून शिट्टी आली. लाजेने आणि संतापाने मला कुठे तोंड लपवू असं झालं. लग्नानंतर पहिल्यांदा एका नाटकाचा शेवट बघायला मिळत होता, तोही ह्या माणसाने खाल्ला. पडदा पडला.

त्या दिवशी प्रयोगानंतर प्रेक्षकांशी गप्पा ठेवल्या होत्या. नाटक बसवणारी ती मुलगी माइक घेऊन रंगमंचाच्या कडेला येऊन बसली. तिशीची असेल, साधा कुडता, दमलेला चेहरा. कुणी बोलायच्या आधी तीच म्हणाली, “मघाशी ओरडलेले काका कुठेत? काका, पुस्तकात ‘येतंय’ आहे, मला माहितीये. पण मी घोडपदेवचीच आहे. माझा बाप घर सोडून गेला ना, तेव्हा मी दरवाज्यात उभी होते. तो ‘येतो’ नाही बोलला, ‘जातो’ बोलला. जो परत येणार नसतो ना, त्याच्या तोंडातून ‘येतो’ निघतच नाही. तालमीत आम्ही कितीदा ‘येतंय’ करून बघितलं. खोटं वाटायचं. म्हणून बदललं.”

लोक कुजबुजायला लागले. तेवढ्यात पुढच्या रांगेतले एक निवृत्त प्राध्यापक उठले. शिवाजी पार्कात सकाळी पांढरे बूट घालून फेऱ्या मारतात आणि कट्ट्यावर बसलेल्यांना साहित्य समजावून सांगतात, त्यांपैकी. “बाई, हा अक्षम्य अपराध आहे,” ते म्हणाले. “भांडून निघालेल्या मुलाच्या तोंडी ‘येतंय’! हाच तर लेखकाच्या प्रतिभेचा कळस! ह्या एका अक्षरावर मी प्रबंध लिहिला आहे.”

वास्तविक हा मामांच्या बाजूचा माणूस. पण मामा पुन्हा ताडकन उठले. “कसली प्रतिभा!” ते गरजले. “कसला कळस! ते अक्षर लेखकाचं नाहीच. माझं आहे!”

प्राध्यापक खाली बसले. मामा बोलत सुटले, आणि इतका वेळ ओरडणारा त्यांचा आवाज हळूहळू उतरत गेला. “हस्तलिखितात ‘जातंय’ होतं. त्याच्या हातचं, स्वच्छ. मी चोवीस वर्षांचा होतो, अक्कल उतू जात होती. मला वाटलं, लिहिताना चुकला. घरातून निघताना कोण ‘जातो’ म्हणतं? माझ्या आईने थोबाड फोडलं असतं. मी ‘जा’ खोडून ‘ये’ केला. विचारायला हवं होतं. गिरगावातून परळ काही विलायतेत नाही. विचारलं नाही. पहिली प्रत घ्यायला तो पाळी संपवून आला. उभ्यानेच शेवटचं पान उघडलं. किती तरी वेळ बघत राहिला. मग म्हणाला, ‘बरा छापलात.’ आणि गेला. जाताना ‘येतो’ नाही, ‘जातो’ नाही. परत आला नाही. परत लिहिलंही नाही त्याने.”

“मग दुसऱ्या आवृत्तीत का नाही सुधारलंत?” तिने विचारलं. तिच्या आवाजात राग होता आणि तो मला रास्त वाटला.

“तोपर्यंत सगळे त्या ‘येतंय’ला नावाजायला लागले होते,” मामा म्हणाले. “भ्यालो.”

इतकी वर्षं ज्याच्या रागाला मी हसत होतो, त्याचा सगळा राग कुणावर आहे ते मला त्या खुर्चीत बसून कळलं. मला माझीच चीड आली. ही रडत होती.

मामा पायऱ्या उतरून पुढे गेले. ह्या वेळी हात धरायला मी उठलो तर त्यांनी झिडकारला. पुस्तक त्यांनी त्या मुलीच्या हातात दिलं. ते पुस्तक आमच्यापैकी कुणालाही त्यांनी कधी हाताळू दिलं नव्हतं. तिने शेवटचं पान उघडलं. तिथे ‘ये’वर लाल काट होती, आणि समासात, पेन्सिल विटून तपकिरी झालेला, मामांच्या सुरेख अक्षरातला एक ‘जा’. तिने त्या ‘जा’वर बोट ठेवलं.

“मी हे न बघताच केलं, काका,” ती म्हणाली.

“म्हणून तर ओरडलो,” मामा म्हणाले. “इतकी वर्षं मी हेच सांगत आलोय की लेखकाच्या शब्दाला हात लावू नका. तू लावलास, आणि बरोबर निघालीस. राग येणार नाही तर काय! पुढच्या रविवारीही तेच ठेव. आणि पुस्तक तुझ्याकडेच राहू दे. एकशे बेचाळीस पानावरची आत्या तेवढी परत आण.”

“ती दुसऱ्या कादंबरीत आहे, मामा,” ही मागून म्हणाली.

त्यानंतर मामा निवळले, असं कुणी समजू नये. पुढच्याच महिन्यात त्यांनी एका मिठाईवाल्याला ‘पौष्टीक’ ह्या शब्दावरून रडकुंडीला आणलं. फरक एवढाच, की नाटकांना ते शेवटपर्यंत बसायला लागले. मला पहिल्यांदाच खुनी कळू लागले.

मग त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली. बिल्डरने तीन वर्षांत नवी जागा देतो म्हणून सांगितलं. त्या कागदातल्या अठ्ठावीस चुका मामांनी काढल्या आणि सही केली. तोपर्यंत त्यांनी मुलीकडे नाशिकला राहायचं ठरलं. मामा एकोणऐंशी वर्षांचे आहेत आणि मुंबईतली बांधकामं तीन वर्षांत किती होतात ते आपल्याला ठाऊक आहे. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ते आमच्याकडे जेवायला आले. आमटीत मीठ कमी आहे म्हणाले, माझ्या मुलीच्या वहीतलं शुद्धलेखन तपासून तिच्या बाईंना शिव्या घातल्या. मग चपला घातल्या, छत्री उचलली. ही डोळे पुसत स्वयंपाकघरात निघून गेली.

मामा चालायला लागले नाहीत. दारात पाठमोरे उभे राहिले. मला वाटलं, नावाच्या पाटीत काही सापडलं.

“येतो,” ते म्हणाले.

बारा वर्षांत मी तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. परत न येणाऱ्याच्या तोंडातून तो निघतच नाही, असं ती घोडपदेवची मुलगी म्हणाली होती. मामांच्या तोंडातून तो निघाला. चूक होती, त्यांनाही दिसत होती आणि मलाही.

मी हात लावला नाही. “या,” म्हटलं, आणि ते जिना उतरेपर्यंत दार उघडं ठेवलं.