नावं ठेवणारी वखार

दुबईला निघालो त्या दिवशी निपाणीच्या एसटी स्टँडवर आप्पांनी माझ्या शर्टाला नावं ठेवली. "ह्यो काय रंग म्हणायचा? आणि केस कापून घ्यायला काय झालतं रं?" गाडी हलेपर्यंत माझे वडील असेच बोलत होते. शेजारी बसलेल्या माणसाला वाटलं, बापलेकांचं भांडण झालंय. कोगनोळीचा नाका मागं पडला तरी माझं रडू थांबलं नव्हतं. त्याला काय समजावणार?

ते समजायला आमच्या तंबाखूच्या वखारीत बसायला हवं. चिकोडीकडचा शेतकरी माल घेऊन आला की आप्पा मूठभर तंबाखू चुरायचे, हुंगायचे आणि तोंड वाकडं करायचे. "इदु तंबाखू अल्लपा, कसा!" कानडीत म्हणजे, हा तंबाखू नव्हे, कचरा. शेतकऱ्याचा चेहरा खुलायचा, कारण नावं ठेवली म्हणजे घ्यायचं मनात आहे. घ्यायचं नसलं की आप्पा गोड व्हायचे. "माल एक नंबर हाय," म्हणायचे, चहा पाजायचे आणि वाटेला लावायचे. आमच्याकडं शेंबडं पोरही हे ओळखायचं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी बाहेर धंदा शिकून यायचं आणि मग वखार सांभाळायची, असं आप्पांनीच ठरवलं होतं. तोवर धाकटा भाऊ नेमू त्यांच्या हाताखाली राहणार होता.

दुबईत मी एका सिंधी शेठच्या कापडपेढीवर लागलो. एकदा कोबेहून एक जपानी गृहस्थ सॅम्पल घेऊन आले. कापड असं, की त्यावरून हात काढवेना. मला ते हवंच होतं, म्हणून अगदी मन लावून नावं ठेवली. पोत विरळ आहे, रंग टिकायचा नाही. गृहस्थ उठले, कमरेत वाकून माफी मागितली आणि सॅम्पल बॅगेत भरून चालू लागले. मी जिन्यापर्यंत मागं धावलो. त्यांना वाटलं निरोप द्यायला आलोय, ते पुन्हा वाकले. माल शेजारच्या पेढीनं उचलला. "पसंद था तो बोलना था ना!" शेठ ओरडला.

मग मी बोलायला शिकलो. ब्यूटिफुल, एक्सलंट, व्हेरी फाइन. आवडलं तरी गोड, नाही आवडलं तरी गोड. बढती मिळत गेली आणि परतणं लांबत गेलं, हे खरं. पण ऐंशीच्या दशकात एकदा सगळं गुंडाळून आलो. आप्पांना म्हणालो, "आता मी बसतो वखारीत."

आप्पांनी आईला चांगल्या कपातून चहा आणायला सांगितलं. माझ्या घड्याळावर बोट फिरवलं. "लई झ्याक हाय. तिकडचं व्हय?" मग म्हणाले, "लई नाव काढलंस बाबा. तुझ्यासारख्या हुशार माणसानं ह्या धुरळ्यात कशाला बसायचं?"

भांडावं तर कशावरून? त्यांनी वाईट असं काहीच म्हटलं नव्हतं. तेवढ्यात नेमू आत आला. "गाढवा, पोती उघडीच टाकून आलास व्हय रं? अक्कल हाय का न्हाय?" आप्पा कडाडले. नेमू मान खाली घालून उभा राहिला. मला त्याचा असा हेवा वाटला की मी उठून परसात गेलो.

महिन्याभरात दुबईला परतलो. शेठनं आनंदानं परत कामावर घेतलं. आईनं पत्रात कळवलं, आप्पा गावभर तुझं कौतुक सांगत असतात. ते वाचून अंगाचा तिळपापड झाला.

बाहेर गेलेल्या माझ्या भावांनो, घरी तुमचं फार कौतुक व्हायला लागलं तर हुरळून जाऊ नका. आणि मागं राहिलेल्यांनो, तुम्ही शिव्या खाता म्हणून रडू नका. आपलं घर मी आता एवढ्यावरूनच ओळखतो.

आप्पा होते तोवर दर सुट्टीला मी मुद्दाम चार दिवसांची दाढी वाढवून त्यांच्यासमोर जाऊन बसायचो. ते निरखून बघायचे आणि म्हणायचे, "छान दिसतोस."