धाब्यावरची जागा

असोद्याच्या बेबाबाईच्या घराच्या धाब्यावर, मातीच्या सपाट छपरावर, फुटक्या घागरीत एक त्रिधारी निवडुंग होता. धाब्यावर निवडुंग असला की घरच्या माणसांना, ती शेतात असली तरी, विजेचं भय नाही, असं सगळं गावच मानत असे. बेबाबाई जरा जास्तच मानायची, कारण तिचा थोरला चुडामण मळ्यात वीज पडून गेला होता. त्याचे दिवस झाले आणि तिने हा निवडुंग लावला. धाकट्या जीवरामला जणू त्याच्याच हवाली केलं.

एकोणीसशे एकतीस साली जीवरामचं लग्न झालं. सून कुंदा केळीवाल्यांची लेक. पाण्यावाचून काही जगतं, हे तिच्या गावीही नव्हतं. तुळशीला तांब्या घातला की दुसरा तांब्या घेऊन ती शिडी चढायची, तेही मोठ्या भक्तीने. वर्षभरात निवडुंग बुडाशी सडला.

बेबाबाईने विळा घेतला आणि बुडापासून कापत वर गेली. काळं दिसलं की आणखी वर. पुरुषभर झाडाचा शेवटी वीतभर शेंडा उरला. जन्मभर शेताच्या वईला, कुंपणाला निवडुंग लावलेल्या बाईला पुढचं ठाऊक होतं. कापाला राख लावायची, आठ दिवस सावलीत वाळवायचं, मग वाळूत आणि विटांच्या चुऱ्यात खोचायचं. ओला लावला तर पुन्हा सडणार.

पण तोवर धाबं रिकामं.

पाचव्या दिवशी वैशाखातलं आभाळ भरून आलं. जीवराम केळीला टेकू द्यायला मळ्यात गेलेला. पहिला गडगडाट झाला तशी बेबाबाई शेंडा उचलून शिडी चढली आणि घागरीच्या जागी मांडी घालून बसली.

“आत्याबाई, खाले या! वीज पडीन!” कुंदा अंगणातून ओरडली.

“पडू दे. जागा रिकामी नको.”

कुंदाला रडू फुटलं. रडतच ती घोंगडी घेऊन वर गेली आणि सासूच्या डोक्यावर धरू लागली. बेबाबाईने घोंगडी खाली ओढली.

“मले नको. याले पानी लागू नको देऊ.”

जीवराम चिखलाच्या पायांनी घरी आला तेव्हा दोघी वरच होत्या, नखशिखांत भिजलेल्या. मधे घोंगडी, घोंगडीत शेंडा. कोरडा.

नवव्या दिवशी तो घागरीत लागला. दिवाळीपर्यंत त्याला तीन फुटवे आले.

बेबाबाई चव्वेचाळीस साली गेली. निवडुंग तोवर पुन्हा पुरुषभर झाला होता. तरी जीवराम मळ्यात असताना आभाळ गडगडलं, की कुंदा हातातलं काम टाकून शिडीशी येऊन उभी राहायची.