चूप ठेवायचं कंत्राट

मंडपाच्या धंद्यात किस्से दोरीवानी असते. एक सोडवाले जा, चार गुंतून हातात येते. हुडकेश्वरच्या आमच्या गोदामात चहा प्यायले बसलो का पोरं म्हणतेच, "भाऊ, त्या वायोलिनवाल्याईचं सांगा."

सांगतो.

*

एक मॅडम आल्या. म्हणे, मैदानात कार्यक्रम आहे. लय मोठा ऑर्केस्ट्रा, न पूरी संध्याकाळ एकाच बुवाचं संगीत. बुवा जर्मनीचा. नाव माह्या जिभेवर बसत नाही, म्हणून बुवा.

माह्या जोडीचा कवडू म्हणे, "मॅडम, बुवा कोणत्या गाडीनं येऊन राहिले?"

"अहो, ते वारले. खूप वर्षं झाली."

कवड्यानं मान हालवली. दुसऱ्या दिवशी मॅडम येऊन पाहते त स्टेजवर सगळा पांढरा कपडा, मधात बुवाचा फोटो, हार, अगरबत्ती. तेरवीचा मंडप!

मॅडमनं स्टेजले एक चक्कर मारली. मंग म्हणे, "कपडा बदला. हार राहू द्या."

फोटोतला बुवा केसं इस्कटलेला, डोळे वटारून पाहे. मले पटला माणूस.

*

मॅडमले धाक एकाच गोष्टीचा. मधात एक जागा येते, म्हणे, तिथं एकटी पोरगी वायोलिन वाजवते, अगदी हळू. बाजूलेच रस्ता. तवा बाहेरचा आवाज आला त सगळं मातीत.

मी म्हणलं, "मॅडम, आवाज झाला त ही मिशी उतरवीन."

कवडू म्हणे, "भाऊ, मैदानात सगळ्यात मोठा आवाज त तुमचाच आहे."

*

तालीम सुरू झाली. एक माणूस काडी घेऊन उभा, न त्याची पाठ पूरी खुर्च्याईकडे. माहं डोकं सरकलं. नागपूरचे लोक बसतीन न हा पाठ दाखवीन?

"ओ भाऊ, तोंड इकडं करा!"

त्यानं काडीनं सगळ्याईचं वाजवणं थांबवलं. मांगं वळून म्हणे, "दादा, मी तुमच्याकडे वळलो, तर हे सगळे मनाला येईल ते वाजवतील."

बराबर बोलला. माह्या पोराईकडेबी पाठ केली का मंडपाच्या खांबाची बल्ली तिरपी लागते. त्याले मी सोता चहा नेऊन देल्ला.

*

कार्यक्रमाच्या दिवशी गर्दी झाली. पहिल्या लायनीत एक सुटाबुटातला साहेब चिप्स खाऊन राहिला. कर्र, कर्र. मी जाऊन त्याच्या कानाशी बसलो.

"साहेब, खा. पण चावू नका."

बिचाऱ्यानं पाकीट संपेपर्यंत चिप्स चोखले.

*

न मंग ते पोरगी उठली. वायोलिन खांद्यावर ठेवलं, न रस्त्यानं वरात आली.

डीजे असा का कनातीचा कपडा थरथरे. मी बल्ली उचलली न धावलो. कवडू मांगून, "भाऊ, बल्ली ठेवा! लग्न आहे कोणाचं!"

डीजेपुढं गेलो. माणसं नाचून राहिले. बल्ली फेकली, न जल्मात कोणाले नाही जोडले ते हात नवरदेवाले जोडले.

"बापू, आत एक लेकरू एकटं वाजवून राहिलं. तेवढं होऊ दे."

नवरदेवानं मले पाह्यलं. कनातीकडे पाह्यलं. मंग हात वर केला. डीजे बंद.

पोरीचं वायोलिन आता रस्त्यावर आलं. वरात उभीच्या उभी. थोड्या वेळानं आत सगळे वाजवाले लागले, न चाल पकडली. नवरदेवाच्या मावशीनं चपला काढून हातात घेतल्या न अनवाणी एक गिरकी मारली. मंग दुसरीनं. मंग सगळ्याईनं. शिटी नाही, आरोळी नाही. पूरी वरात कनातीच्या कडेकडेनं मुक्यानं नाचत गेली. घोडीच्या गळ्यातले घुंगरू नवरदेवानं वाकून मुठीत धरले होते.

कार्यक्रम सुटल्यावर मॅडम म्हणे, "भाऊ, आज रस्ता बंद होता का हो?"

"चालू होता," म्हणलं न मिशीवर हात फिरवला. "एक वरात गेली."