मध्यंतरात जागा बदलणारी माणसं

दुबईला जायचं ठरलं ते एका मफलरमुळे. मुलगी तिथे अल मनखूलला राहते, कधीची बोलावत होती. हे होते तेव्हा जमलं नाही, आणि हे गेल्यावर मन होईना. मग ग्रॅहम साहेबांचा निरोप आला. ह्यांनी दुबईच्या ज्या वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर म्हणून उमेदीची वर्षं काढली, तिथले हे इंग्रज फोरमन, अजून दुबईतच असतात. त्यांनी आपल्या गावच्या फुटबॉल क्लबचा लाल-पांढरा मफलर ह्यांना दिला होता. आता त्या गावी मैदानावरच्या खोलीत जुन्या वस्तू मांडणार आहेत, तो मफलर परत मिळेल का? मी फोनवर हो म्हटलं, आणि फोन ठेवल्यापासून नाही म्हणावंसं वाटत राहिलं.

क्लबचं नाव लिहीत नाही. लिहिलं तरी कोणी ऐकलेलं नसेल. माझी शाळा सातवीत सुटली, पुढचं वाचनालयाने शिकवलं. शब्दकोश मांडीवर घेऊन मी क्लबचा इतिहास वाचून काढला. गिरणी कामगारांनी रेल्वेमागच्या पडीक जागेत तो सुरू केला. खेळाडू आठवडाभर नळ दुरुस्त करतात, टपाल वाटतात आणि शनिवारी थोड्याशा मानधनावर खेळतात. गिरणी बंद पडली, मागोमाग क्लब बुडाला, फाटकाला कुलूप लागलं. मग सामने बघायला येणाऱ्यांनीच वर्गणी काढली, नाव जरासं बदललं आणि सगळ्यात खालच्या पायरीपासून पुन्हा सुरुवात केली. आपल्याकडे एखादं गणेश मंडळ मोडून पुन्हा उभं राहतं, तसंच.

पण ह्यात ह्यांचं काय होतं? दर शनिवारी जेवण पुढे ढकलून, कानात वायर घालून हा माणूस कुठे जायचा? मफलर देण्याआधी मला एवढंच कळायला हवं होतं.

चिपळूणहून बसने मुंबई, तिथून सव्वातीन तासांचं विमान. बॅग सामानात टाकली, मफलर मात्र पर्समध्ये. जाणार असाल तर जानेवारीत जा, संध्याकाळी पातळ स्वेटर पुरतो. अल मनखूलला घराखालीच इडली आणि कडक चहा मिळतो, त्यामुळे परदेशात आल्यासारखं वाटत नाही. तरी माझा पाय घरात ठरेना. खाली उतरायची, चार गल्ल्या फिरून वर यायची, पुन्हा उतरायची.

"आज्जी, यू आर मेकिंग मी डिझी," नात म्हणाली. ती ऊद मेथाच्या शाळेत अकरावीत आहे. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं छान चालतं.

शनिवारी संध्याकाळी दोघी मेट्रोने मरीनाला निघालो, ग्रॅहम साहेबांनी तिथल्या एका उपाहारगृहात बोलावलं होतं. तिकीट साडेसात दिरहम, म्हणजे पावणेदोनशे रुपयांच्या वर. बायकांचा डबा वेगळा असतो, आणि गाडीत काही खायचं नाही, दंड होतो. त्यामुळे ग्रॅहम साहेबांसाठी नेलेल्या खोबऱ्याच्या वड्यांचा डबा मी घट्ट धरून बसले. बसले कसली, दर स्टेशनला उठत होते.

उपाहारगृहात पाण्याकडेच्या लांब टेबलाशी सात-आठ गोरे म्हातारे बसले होते. मध्यभागी एक फोन ठेवलेला, त्यातून कोणीतरी घाईघाईने बोलत होतं. सामना दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता.

"भाभी, तुम आया!" ग्रॅहम साहेब उठले. वर्कशॉपचं हिंदी त्यांनी टिकवून ठेवलंय. "आज जीतेगा, इन्शाल्ला."

"हबीबी, हे तू दर शनिवारी म्हणतोस," शेजारचा म्हणाला आणि सगळे हसले. नात मला अर्थ सांगत होती.

मध्यंतर झालं आणि सगळेच उठले. मला वाटलं, बिल आलं. पण ते आपापले पेले घेऊन, खुर्च्या ओढत टेबलाच्या दुसऱ्या टोकाला निघाले.

"यल्ला भाभी, उठो. साइड चेंज."

"हे कशाला?" मी नातीला विचारायला लावलं.

ग्रॅहम साहेबांनी सांगितलं. छोट्या मैदानावर ठरलेल्या खुर्च्या नसतात. आपला संघ ज्या गोलवर चाल करून जाणार, त्याच्या मागे उभं राहायचं. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, तेव्हा लोकही चहाचे कप घेऊन मैदानाला वळसा घालून पलीकडे जातात.

"पण इथे मैदानच नाही," नात म्हणाली.

"स्टोअरमध्ये तरी कुठे होतं? तुझे आजोबा पहिला हाफ ग्रीसच्या डब्यावर बसायचे आणि दुसरा पाइपांच्या ढिगावर. कधी विसरले नाहीत."

मी उभीच राहिले. निवृत्तीनंतर चिपळूणला हे पडवीत खुर्ची टाकून ऐकायचे, आणि मध्येच उठून पायरीवर जाऊन बसायचे. मला वाटायचं, डास चावतात. मी कॉइल उचलून त्यांच्यामागे पायरीवर नेऊन ठेवायची. "एका जागी बसवत नाही का हो?" म्हणायची. ते हसून हातानेच गप्प राहायला सांगायचे.

मी खुर्ची ओढत पलीकडे नेली. दुसरा हाफ तिथून ऐकला. हरले.

"खलास," ग्रॅहम साहेब म्हणाले. "नेक्स्ट वीक."

मग मी मफलर काढून दिला. घडी ह्यांच्या हातची होती, मी मोडली नव्हती. त्यांनी ती उलगडली, तेव्हा घडीच्या रेघेवर लाल रंग विटलेला दिसला. परतीच्या मेट्रोत पर्स हलकी लागली, आणि ते हलकेपण बरं वाटलं नाही. तरी मरीना येईपर्यंत दर स्टेशनला उठणारी मी अल मनखूलपर्यंत बसून आले.

आता चिपळूणला आहे. नातीने फोनवर क्लबचे सामने ऐकायची सोय करून दिली आहे. पाचातला एक शब्द कळतो. पडवीत खुर्ची टाकते. मध्यंतराला बोलणारा थांबला की उठते आणि पायरीवर जाऊन बसते. थोड्या वेळाने डास चावायला लागतात, तेव्हा लक्षात येतं की कॉइल मागे खुर्चीशीच राहिली. मग पुन्हा उठून ती आणते.